श्वासाबरोबर गाठही हलते: रेडिओथेरपीच्या टेबलावर कसं झोपायचं याला एवढं महत्त्व का?

आमच्या मोठ्या आपांना डाव्या स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, केमो झाली आणि मग डॉक्टरांनी १५ सिटिंगची रेडिओथेरपी लिहून दिली, म्हणजे सोमवार ते शुक्रवार असे तीन आठवडे. आपल्याकडे याला कुणी 'शेक' म्हणतं, कुणी 'लाईट देणं', घरातली बुजुर्ग मंडळी 'सिकाई' म्हणतात. तिसऱ्या दिवशी आपा आतून बाहेर आल्या त्या डोळे पुसतच. टेबलावर झोपवलं, श्वास भरून रोखायला सांगितला, मशीनने फोटो काढला आणि मग "असं जमणार नाही, पुन्हा करू" म्हणत चार वेळा तेच केलं. "मी तर सांगितलं तसंच केलं, यांची मशीनच बिघडलीय," आपांचं म्हणणं. बाहेर बाकड्यावर बसलेल्या आम्हा सगळ्यांनाही तेच वाटलं. भाईजान तर भांडायलाच निघाले होते.

मशीन ठीक होती. आपा श्वास भरताना नकळत पाठ टेबलावरून थोडीशी उचलत होत्या. छाती वर आलेली दिसत होती, पण फुफ्फुस काही पूर्ण भरत नव्हतं. आणि या दोन गोष्टींत मोठा फरक आहे, आपांच्या हृदयापुरता तर फारच मोठा. हे आम्हाला कळायला दोन दिवस लागले. कळलं तेही एका तरुण टेक्निशियन मुलीने जेवणाच्या सुट्टीत वही-पेन घेऊन समजावलं म्हणून. त्यानंतर आम्ही वाचलं, डॉक्टरांना विचारलं, मामूंच्या आजारात तोच विषय पुन्हा समोर आला, आणि वाटलं की हे लिहायला हवं. कारण वेटिंग रूममध्ये बसलेल्या बहुतेक घरांना हे कुणी सांगत नाही.

बाटलीच्या खाली काय असतं?

आम्ही शाळेत विज्ञान शिकवतो. श्वसनाचा धडा आला की तळ कापलेली प्लास्टिकची बाटली, आत फुगा आणि खाली ताणून बांधलेला रबराचा पडदा, हा प्रयोग दरवर्षी ठरलेला. रबर खाली ओढलं की फुगा फुगतो, सोडलं की बसतो. फुगा म्हणजे फुफ्फुस, रबर म्हणजे श्वासपटल. मुलं टाळ्या वाजवतात, आम्ही फळ्यावर आकृती काढतो, धडा संपतो.

इतक्या वर्षांत एकाही पोराने विचारलं नाही, आणि आम्हीही सांगितलं नाही, की त्या रबराच्या खाली काय असतं. प्रयोगात खाली हवा असते. शरीरात मात्र तिथे उजवीकडे यकृत असतं, डावीकडे जठर आणि प्लीहा, मध्ये आडवं स्वादुपिंड, मागे दोन मूत्रपिंडं. कुर्बानीच्या वेळी कलेजी काढताना तिच्या वर चिकटलेला जो पातळ मांसल पडदा दिसतो, तेच श्वासपटल. आपल्या घराघरांत तो पाहिलेला असतो, फक्त नाव माहीत नसतं. हा पडदा खाली आला की त्याला लागून असलेली ही सगळी मंडळी खाली सरकतात, आणि श्वास सोडला की पुन्हा वर येतात.

किती सरकतात? शांत, साध्या श्वासात श्वासपटल साधारण १ ते २ सेंटीमीटर वर-खाली होतं. खोल श्वास घेतला तर त्याच्या कितीतरी पट. यकृतही साध्या श्वासात साधारण तेवढंच, म्हणजे बोटाच्या एका पेराच्या आसपास सरकतं. काहींचं त्याहून जास्त. मूत्रपिंडं आणि स्वादुपिंड हेही सरकतातच. फुफ्फुसातली गाठ वरच्या टोकाला असेल तर जेमतेम काही मिलिमीटर हलते, खालच्या भागात श्वासपटलाजवळ असेल तर सेंटीमीटरभर किंवा जास्त. आणि हे मिनिटाला १२ ते २० वेळा. टेबलावर दहा मिनिटं झोपलेल्या माणसाची गाठ तेवढ्या वेळात दीडशेच्या आसपास फेऱ्या मारते. माणूस बाहेरून दगडासारखा स्थिर असतो तेव्हाही.

इथे थोडं गणित करू. सवय आहे, माफ करा. ३ सेंटीमीटर व्यासाची गोल गाठ घ्या. तिचं घनफळ होतं सुमारे १४ घन सेंटीमीटर. आता ही गाठ श्वासाबरोबर २ सेंटीमीटर वर-खाली होते. डॉक्टरांना ती कुठल्याही क्षणी निसटू द्यायची नसेल तर तिच्या पूर्ण येण्याजाण्याच्या वाटेवर किरण टाकावे लागतात. त्या वाटेचं घनफळ येतं सुमारे २८. म्हणजे बरोबर दुप्पट, आणि ही जी वाढ झाली ती सगळी निरोगी मांसाची. आता तीच हालचाल अर्ध्या सेंटीमीटरवर आणली तर आकडा १८ च्या आत राहतो. दीड सेंटीमीटरचा फरक म्हणजे दहा घन सेंटीमीटर चांगलं यकृत वाचणं. ज्याचं यकृत आधीच काविळीने किंवा सिरोसिसने खराब झालंय, त्याला या दहाची किंमत विचारा.

म्हणून रेडिओथेरपीवाल्यांची सगळी धडपड दोन गोष्टींसाठी चालते. हालचाल मोजायची आणि जमेल तेवढी कमी करायची. अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २००६ साली यावर एक मार्गदर्शक अहवाल काढला. त्यात ५ मिलिमीटरची रेघ आखलेली आहे. गाठ त्याहून जास्त हलत असेल, तर हालचालीचा काहीतरी बंदोबस्त करा.

झोपलात कसे, यावर श्वासाची चाल ठरते

आता हे वाचता वाचताच एक करून बघा. एक हात छातीवर, एक पोटावर ठेवा. आधी ताठ बसून चार श्वास घ्या, मग सपाट जमिनीवर उताणे झोपून चार घ्या. बसल्यावर बहुतेकांची छाती जास्त हलते, झोपल्यावर पोट. श्वास तोच, माणूसही तोच, फक्त शरीर आडवं झालं आणि श्वासाची चाल बदलली.

याचं कारण वजन. आपण उभे किंवा बसलेले असतो तेव्हा पोटातले अवयव आपल्या वजनाने खाली लोंबतात, श्वासपटल खाली राहतं आणि फुफ्फुसाला जागा मिळते. आडवे झालो की तीच दीड-दोन किलोची कलेजी आणि बाकीचा पसारा छातीच्या दिशेने कलंडतो आणि श्वासपटलाला वर ढकलतो. साधा श्वास सोडल्यावर फुफ्फुसात जी हवा उरते ती उभ्यापेक्षा झोपल्यावर साधारण अर्धा ते एक लिटरने कमी होते. दम्याचा किंवा हृदयाचा पेशंट रात्री दोन उशा मागतो तो काही नखरा म्हणून नव्हे.

उताणं झोपल्यावर आणखी एक गंमत होते. पोटातल्या पसाऱ्याचा सगळा भार श्वासपटलाच्या मागच्या, म्हणजे पाठीकडच्या भागावर येतो. तो भाग जास्त ताणला जाऊन वर चढतो, आणि आपण आपल्या ताकदीने श्वास घेतो तेव्हा तोच जास्त खाली येतो. म्हणजे एकाच श्वासात श्वासपटलाचा पाठीकडचा भाग जास्त हलतो, पोटाकडचा कमी. गाठ पुढे आहे की मागे, यावरही तिची हालचाल ठरते.

कुशीवर झोपलं तर खालच्या बाजूचं श्वासपटल वर ढकललं जातं आणि तीच बाजू जास्त काम करते. उजव्या कुशीवर झोपलेल्या माणसाची उजवी बाजू जास्त हलणार, डाव्या कुशीवर डावी.

आणि पालथं? हे आपल्या सगळ्यांना कोविडच्या दिवसांपासून माहीत आहे. ऑक्सिजन कमी झाला की पेशंटला पालथं झोपवायचे, घरी फोन करून सांगायचे, "अब्बांना पोटावर झोपवा." तिथे हेतू फुफ्फुसाचा मागचा दबलेला भाग मोकळा करण्याचा होता. रेडिओथेरपीत पालथं झोपवण्याचा उपयोग वेगळा. पोट टेबलावर दाबलं जातं, त्याला पुढे फुगायला जागा कमी मिळते आणि आतल्या अवयवांची हालचाल घटते. स्वादुपिंडाच्या गाठींवर केलेल्या अभ्यासात उताण्यापेक्षा पालथ्या स्थितीत हालचाल कमी दिसलेली आहे.

मग सगळ्यांना पालथंच का झोपवत नाहीत? आमचाही हाच प्रश्न होता. उत्तर मजेशीर आहे. जे एका अवयवाला चांगलं ते दुसऱ्याला वाईट. प्रोस्टेट ही ओटीपोटात खाली असलेली ग्रंथी, उताण्या माणसात श्वासाने ती जवळजवळ हलतच नाही. त्याच माणसाला पालथं झोपवलं की पोटावरचा दाब प्रत्येक श्वासाला खाली ओटीपोटात पोचतो आणि ती काही मिलिमीटर हलायला लागते. शिवाय पालथं झोपून मान एका बाजूला वळवलेला, नुकतंच ऑपरेशन झालेला, वजनदार किंवा दम लागणारा माणूस दहा मिनिटं शांत कसा पडून राहील? तो चुळबुळ करणार. श्वासाची हालचाल वाचवायला गेलो आणि अख्खा माणूसच हलला, तर काय मिळवलं? उताणं झोपणं बहुतेकांना जमतं, रोज तसंच्या तसं पुन्हा जमवता येतं, म्हणूनच ते चालत आलंय.

आता काही ठिकाणी बसून रेडिएशन द्यायच्या खुर्च्याही आल्यात. त्यात किरणांचं यंत्र एका जागी राहतं आणि माणूस ताठ बसलेला असताना खुर्चीच फिरते. बसल्यावर फुफ्फुस जास्त भरलेलं राहतं, त्यामुळे फुफ्फुसाच्या गाठींसाठी तिकडे बरंच संशोधन चालू आहे. पण सीटी स्कॅनची मशीनंच मुळी झोपलेल्या माणसासाठी बनलेली, मग बसलेल्या माणसाचा स्कॅन करायला वेगळी मशीन हवी. म्हणून आपल्यापर्यंत हे यायला वेळ आहे.

"स्कॅन तर झालाय, परत कशाला?"

हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो, आणि पैशाच्या चणचणीत तो चुकीचाही नाही. हजारो रुपये देऊन सीटी झाला, पेट स्कॅन झाला, आता रेडिएशनवाले म्हणतात आमच्याकडे पुन्हा सीटी करा. लोक म्हणतात, पैसे उकळतात. आम्हीही म्हणालो होतो.

पण वर सांगितलेलं सगळं ध्यानात घ्या. आजार शोधण्यासाठी छातीचा जो सीटी काढतात त्यात बहुधा "श्वास भरा, रोका" असं सांगतात. म्हणजे फुफ्फुस पूर्ण फुगलेलं, श्वासपटल अगदी खाली, गाठही खाली. त्या स्कॅनचं टेबल खोलगट असतं, त्यावर गादी असते, हात कधी वर, कधी बाजूला. रेडिओथेरपीचं टेबल मात्र फळीसारखं सपाट आणि कडक. तिथे माणूस साधा श्वास घेत पडणार. मग त्या पहिल्या स्कॅनमध्ये गाठ जिथे दिसली, तिथे ती उपचाराच्या वेळी असेलच असं नाही. म्हणून ज्या टेबलावर, ज्या उशीवर, हात जसे ठेवून, श्वास जसा घेऊन उपचार होणार, अगदी तशाच स्थितीत नवा स्कॅन लागतो. याला सिम्युलेशन म्हणतात. गाठ हलणारी असेल तर फोर-डी सीटी करतात. त्यात श्वासाचं चक्र साधारण दहा टप्प्यांत वाटून प्रत्येक टप्प्याचं चित्र काढतात, म्हणजे गाठ कुठून कुठे जाते याचा छोटा सिनेमाच मिळतो.

त्याच दिवशी अंगाखाली मऊ पिशवी ठेवून तिच्यातली हवा काढतात, ती शरीराच्या आकाराची कडक होते. पुढचे सगळे दिवस त्याच साच्यात झोपायचं असतं.

मामू आणि पोटावरची पट्टी

मामूंच्या यकृतात गाठ होती, अगदी वरच्या भागात, श्वासपटलाला लागून. जागा अवघड होती आणि मामूंची तब्येत ऑपरेशनला साथ देणारी नव्हती. डॉक्टरांनी मोजक्या पाच सिटिंगमध्ये जास्त ताकदीचे किरण द्यायचं ठरवलं. ताकद जास्त म्हणजे नेमही तितकाच पक्का हवा.

स्कॅनच्या दिवशी त्यांनी मामूंच्या पोटावर, बरगड्यांच्या खाली, एक पट्टी बांधून घट्ट दाबली. मामू चिडले. "गाठ आत आहे, पोट दाबून काय होणार?" होणार हे, की पोटाला पुढे फुगता येत नाही, म्हणून श्वासपटलालाही फार खाली येता येत नाही. माणूस छोटे छोटे, छातीने श्वास घेतो आणि यकृत कमी हलतं. ही युक्ती जुनी आहे. स्वीडनच्या कारोलिन्स्का हॉस्पिटलमध्ये इंगमार लाक्स आणि हेनरिक ब्लोमग्रेन या दोघांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला शरीर बसवायची एक चौकट बनवली, त्यात पोट दाबायची अशी सोय होती. जपानमध्ये दुसरा रस्ता धरला. होक्काइदो विद्यापीठात १९९९ च्या सुमारास गाठीजवळ २ मिलिमीटरचा सोन्याचा मणी बसवून एक्स-रेने त्याच्यावर सतत नजर ठेवायची आणि मणी ठरलेल्या जागी आला की तेवढ्याच वेळापुरते किरण सोडायचे, असं तंत्र उभं राहिलं. आज या दोन्ही वाटांची सुधारलेली रूपं वापरात आहेत. पट्टी सगळ्यांना बांधत नाहीत. पोटात पाणी साठलेलं असेल, नुकतंच ऑपरेशन झालेलं असेल तर डॉक्टर दुसरा मार्ग घेतात.

मामूंच्या बाबतीत खरी गडबड वेगळीच निघाली. मामू अनेक वर्षं उजव्या कुशीवर, दोन उशा घेऊन झोपतात. सपाट झोपलं की त्यांना दम लागतो. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण डॉक्टरांना कुणीच सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही! स्कॅनच्या वेळी मामूंनी लाजेने कसंबसं सहन केलं, वीस मिनिटं सपाट पडून राहिले. पहिल्या सिटिंगला मात्र पाच मिनिटांत धाप लागली, श्वास वेडावाकडा झाला, आणि मशीनच्या फोटोत यकृत स्कॅनच्या जागेवर येईना. त्या दिवशी उपचार झालाच नाही. मग छातीखाली उतार देणारी फळी लावून, म्हणजे थोडं टेकून बसवल्यासारखं करून, सगळा स्कॅन आणि प्लॅन नव्याने झाला. आठवडा गेला. कॅन्सरच्या पेशंटच्या घरात एक आठवडा किती लांब असतो, हे ज्यांनी काढलाय त्यांना माहीत आहे. चूक आमचीच होती.

म्हणून कळकळीचं सांगणं: सपाट झोपता येत नसेल, खोकल्याची उबळ येत असेल, पाठ-कंबर दुखत असेल, हात डोक्याच्या वर जात नसेल, तर ते पहिल्या स्कॅनच्या आधी बोला. तेव्हा स्थिती बदलणं सोपं असतं. नंतर बदललं की सगळं पहिल्यापासून.

आपांचा श्वास

आता आपांकडे परत येऊ. हृदय छातीत डावीकडे आणि पुढे, थेट बरगड्यांच्या मागे. डाव्या स्तनाच्या भागावर किरण जाताना हृदयाचा पुढचा काठ आणि त्यावरून जाणारी महत्त्वाची धमनी वाटेत येऊ शकते. याचा धोका आज किंवा उद्या दिसत नाही, वर्षांनी दिसतो. स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये १९५८ ते २००१ या काळात रेडिओथेरपी घेतलेल्या बायकांचा अभ्यास २०१३ साली छापून आला. हृदयाला सरासरी जेवढे ग्रे किरण लागले, त्यातल्या प्रत्येक ग्रेमागे हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यांचा धोका ७.४ टक्क्यांनी वाढलेला होता. ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप. याचा अर्थ उपचार टाळायचा असा अजिबात नाही. कॅन्सर परत येण्याचा धोका त्याहून मोठा असतो. अर्थ एवढाच की हृदयाला जेवढं वाचवता येईल तेवढं वाचवायचं.

आणि इथे श्वासच कामाला येतो. खोल श्वास भरला की श्वासपटल खाली जातं. हृदय ज्या पिशवीत असतं ती श्वासपटलाला जोडलेली, म्हणून हृदयही खाली आणि आत ओढलं जातं. शिवाय हृदय आणि छातीची भिंत यांच्यामध्ये फुगलेलं फुफ्फुस येतं. काही मिलिमीटरचं अंतर वाढतं. पण तेच अंतर लाखमोलाचं. आपा साधारण वीस सेकंद श्वास रोखायच्या, तेवढ्यात किरण सुटायचे, मग सोडायचा, पुन्हा भरायचा. श्वास ठरलेल्या मापाबाहेर गेला की मशीन आपोआप थांबते, त्यामुळे "चुकून सोडला तर?" ही भीती बाळगायचं कारण नाही.

आपांसमोर एक पडदा होता, त्यावर श्वासाबरोबर वर जाणारी पट्टी आणि एक हिरवी खिडकी. पट्टी खिडकीत आणायची. आपा पहिल्यापासून हुशार विद्यार्थिनी, त्यांनी पट्टी खिडकीत आणायची सोपी युक्ती शोधून काढली. पाठ किंचित उचलली की छाती वर, पट्टी खिडकीत, शाब्बास! पण कॅमेरा फक्त छातीची उंची बघतो, फुफ्फुस किती भरलं ते नाही. एक्स-रेच्या फोटोत ते उघडं पडलं. हृदय जवळच राहिलेलं. टेक्निशियन मुलीने आपांच्या कमरेवर हात ठेवून सांगितलं, "ही जागा टेबलाला चिकटलेली राहू द्या, हवा नाकाने हळूहळू भरा, खांदे वर नाही." घरी चटईवर आम्ही सराव करून घेतला. धाकट्या भाचीने मोबाइलवर सेकंद मोजले. पाचव्या दिवसापासून एकदाही पुन्हा करावं लागलं नाही.

काही बायकांना पालथं झोपवूनही हा उपचार देतात. स्तन खाली लोंबतो, छातीच्या भिंतीपासून दूर होतो, बरगड्या टेबलाला टेकल्याने छाती श्वासाने कमी हलते आणि फुफ्फुस चांगलं वाचतं. पण पालथं झोपल्यावर हृदयही वजनाने पुढे छातीच्या भिंतीकडे येतं. डाव्या बाजूला फायदा की तोटा, ते प्रत्येक बाईच्या बांध्यावर ठरतं. पॅरिसच्या क्युरी इन्स्टिट्यूटमध्ये कुशीवर झोपवूनही स्तनाची रेडिओथेरपी देतात. एकच आदर्श स्थिती अशी कुठेच नाही.

आपल्या घरांतले प्रश्न

काही गोष्टी आपल्या बायका विचारायला संकोचतात, म्हणून इथेच लिहितो.

पडदा. आपा पहिल्या दोन दिवशी गाऊन पुन्हा पुन्हा ओढून घेत होत्या, एकदा तर ओढणी डोक्याखाली सरकवली. त्या एवढ्याशा घडीने मान आणि खांदा बदलतो, खांद्याबरोबर छातीची कातडी ताणली जाते. त्यापेक्षा आधीच सांगा की महिला टेक्निशियन हवी, उपचाराचा भाग सोडून बाकी अंग झाकलेलं हवं. बहुतेक ठिकाणी ऐकतात. किरण सुटताना खोलीत कुणीही नसतं, बाहेरून कॅमेऱ्यावर बघतात ते सुरक्षेसाठी.

खुणा. माणूस रोज त्याच जागी बसावा म्हणून कातडीवर खुणा करतात. काही ठिकाणी शाईच्या, काही ठिकाणी सुईने टोचलेले तिळाएवढे कायमचे ठिपके. गोंदण म्हटलं की आपल्या घरांत चलबिचल होते. शाईच्या खुणांचा पर्याय आहे का, हे डॉक्टरांना विचारा. इलाजाच्या गरजेबद्दल शंका असेल तर आलिमांना विचारा. पण खूण करू न देता गप्प घरी परतू नका, असं घडलेलं आम्ही पाहिलंय. शाईची खूण वुजू किंवा गुस्ल करताना घासायची नाही, पाणी नुसतं वाहू द्यायचं. पुसट झाली तर घरी पेनाने गिरवायची नाही, टेक्निशियनला सांगायचं.

रोजे. इथे प्रश्न फक्त अशक्तपणाचा नाही, जागेचा आहे. भरलेलं जठर यकृताला आणि स्वादुपिंडाला वेगळ्या जागी ढकलतं, म्हणून पोटाच्या रेडिएशनला ठरावीक तास उपाशी यायला सांगतात. उलट प्रोस्टेट किंवा गर्भाशयाच्या मुखाच्या रेडिएशनला बहुधा आधी ठरावीक पाणी पिऊन लघवीची पिशवी भरून यायला सांगतात, म्हणजे आतडी वर सरकून वाचतात. स्कॅन शाबानमध्ये पाणी पिऊन झाला आणि सिटिंग रमजानमध्ये रोजा ठेवून, तर आतलं सगळं चित्रच बदललेलं असतं. आजाऱ्याला रोज्याची सवलत आहे हे आपण सगळे जाणतो, तरी बुजुर्ग ऐकत नाहीत. निदान डॉक्टरांपासून लपवू नका.

आणि घाई. पहिल्या दिवशी भीतीने श्वास जोरात चालतो, टेबलावर चार-पाच मिनिटं पडल्यावर अंग सैल होतं आणि अवयवही हळूहळू थोडे खाली-वर बसतात. म्हणून सुरुवातीला थोडा वेळ नुसतं पडू देतात, फोटो काढतात, मग टेबल मिलिमीटरने सरकवतात. बाहेर बसलेल्या नातेवाइकांना वाटतं, आत एवढा वेळ काय करतात? हेच करतात.

मामूंची पाचही सिटिंग उताराच्या फळीवर, पोटावर पट्टी बांधून पार पडली. शेवटच्या दिवशी पट्टी सोडल्यावर त्यांनी विचारलं, आता उजव्या कुशीवर झोपू का? टेक्निशियन म्हणाला, "चाचा, आता घरी कसंही झोपा." पुढचा स्कॅन दोन महिन्यांनी आहे.